बुश नवा, पण बोल्ट अधांतरी आवळलेला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये पिकअप बाळगणाऱ्या एका गृहस्थांचे पत्र वाचले. लोअर आर्मचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबरी तुकडे, त्यांनी घरीच बदलले, काही महिन्यांत नवे बुश फाटले आणि पुन्हा पूर्वीसारखा खाडखाड आवाज सुरू झाला. तेव्हा सुटे भाग बनावट निघाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बनावट माल असतो, त्याबद्दल वाद नाही. पण काम कसे केले हेही त्यांनी सविस्तर लिहिले आहे: गाडी स्टँडवर, पुढची चाके काढलेली, आर्म खाली लोंबलेले, आणि त्याच अवस्थेत सगळे बोल्ट पूर्ण आवळले. मी स्वतः माझ्या पिकअपचे हे काम घरीच करतो, त्यामुळे ते वाक्य वाचून स्वस्थ बसवेना. दोष मालात असण्याआधी तो या आवळण्यात असण्याची शक्यता फार मोठी आहे.

रबरी बुश हातात घेऊन नीट पाहावा. बाहेर लोखंडी कडे, आत लोखंडी नळी आणि मधले रबर दोन्हींना पक्के चिकटवलेले. आतल्या नळीच्या तोंडांवर बहुधा बारीक दाते असतात. बोल्ट आवळला की ते दाते ब्रॅकेटच्या (आर्म जिथे चासीला जोडतात त्या पकडीच्या) पत्र्यात रुततात आणि नळी जागच्या जागी जखडते. बाहेरचे कडे मात्र आर्ममध्ये दाबून बसवलेले, म्हणून ते आर्मबरोबर फिरते. चाक वरखाली होताना या बुशमध्ये काहीच घसरत नाही. फक्त रबर पिळले जाते आणि सुटते.

आता आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबर ज्या स्थितीत मोकळे आहे ती स्थिती कायमची लोंबत्या आर्मची ठरते. गाडी खाली उतरवली की आर्म वर जातो आणि नुसत्या उभ्या गाडीतही रबर पिळलेलेच राहते. पुढे प्रत्येक खड्ड्यात त्याच दिशेने आणखी पीळ. मान पूर्ण वळवून बसलेल्या माणसाला अजून वळ म्हणण्यासारखे आहे हे. रबर आधी नळीजवळ सुटू लागते, मग भेगा पडतात. माल उत्तम असला तरी पडतात.

म्हणून नियम एकच: बोल्ट आधी फक्त हाताने फिरतील एवढेच बसवायचे आणि शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर आल्यावर करायचे. किती आवळायचे तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. पिकअपच्या आर्मचे बोल्ट बहुधा 100 न्यूटन-मीटरच्या पुढचेच असतात, तेव्हा अंदाजावर न जाता टॉर्क रेंच (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) वापरावा. गाडी खाली ठेवल्यावर पाना आत जात नसेल, तर दोन्ही चाके मजबूत रॅम्पवर चढवावीत. तेही जमत नसेल, तर गाडी उचलण्याआधीच चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. नंतर आर्मच्या चाकाकडच्या टोकाशी, बॉल जॉइंट या गोल सांध्याखाली जॅक लावून तेवढेच अंतर येईपर्यंत आर्म वर घ्यायचा आणि मग बोल्ट आवळायचा. हे करताना चासी स्टँडवरून किंचितही उचलली जाता कामा नये. उचलली जातेय असे दिसले की थांबायचे आणि रॅम्पचा मार्ग धरायचा.

मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) डोळ्यातले, म्हणजे टोकाच्या वेटोळ्यातले, आणि शॅकलमधले (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्यातले) बुश रबराचे असतील तर त्यांनाही हेच लागू. अधांतरी पाटा जास्त वाकलेला असतो, वजन आले की लांबतो, आणि शॅकलचा कोन बदलतो. एका वेळी एकच बाजू सोडावी, म्हणजे अ‍ॅक्सल जागचा हलत नाही. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट उघडले असतील तर नवे घालावेत आणि थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावेत. पॉलियुरेथेनच्या बुशची गोष्ट वेगळी आहे. तो नळीभोवती फिरतो, म्हणून त्यात असा पीळ साठत नाही, पण त्याला त्याचे खास ग्रीस लागते, नाहीतर करकरतो.

जुना बुश काढण्याबद्दलही लिहायलाच हवे, कारण रबर पेटवून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून कोणी तसे करू नये. तो धूर विषारी असतो आणि आर्मही विनाकारण तापतो. त्यापेक्षा रबरात ड्रिलने जवळजवळ भोके पाडावीत, मधली नळी ठोकून बाहेर काढावी. मग हॅक्सॉचे (लोखंड कापायच्या करवतीचे) पाते आर्मच्या भोकातून ओवून करवतीच्या फ्रेमला लावावे आणि बाहेरचे कडे आतून बाहेर कापत जावे. कडे संपून आर्मचे लोखंड लागू लागले की हाताला फरक कळतो, आवाजही बदलतो, तिथेच थांबायचे. कापलेल्या रेघेत छिन्नी घालून कडे आत दुमडले की ते सैल पडते. एरवी मी माझ्या मुलीला फक्त बॅटरी धरायला बोलावतो, पण हे कापणे तिने माझ्याइतकेच सफाईने केले आहे. घाई नसली की झाले. भोक घासून स्वच्छ करावे, नवा बुश साबणाच्या पाण्यावर सरकवावा (इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस नको, रबर फुगते) आणि दाब बाहेरच्या कड्यावरच द्यावा, रबरावर किंवा नळीवर नाही. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ फटी ठेवलेल्या असतात. त्यांची दिशा जुन्याप्रमाणेच हवी, म्हणून जुना काढण्याआधी आर्मवर रंगाची खूण करून ठेवणे बरे.

स्प्रिंगबद्दल मात्र मी कडक आहे. पुढे कॉइल स्प्रिंग दाबलेली असेल किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) असेल, तर त्यातला ताण रीतसर उतरवल्याशिवाय आर्म सोडू नये. सुटलेली स्प्रिंग माणूस मारू शकते. ज्यांच्याकडे त्याची साधने नाहीत त्यांनी हा भाग कारागिराकडून करून घ्यावा, त्यात कसलाही कमीपणा नाही. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना.

काम झाल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावीच, नाहीतर नवे बुश असूनही गाडी टायर खाते.

त्या वाचकांना माझी विनंती आहे की, आणखी एक जोडी विकत घेण्याआधी दुसऱ्या बाजूचे बुश पाहावेत. रबर अजून फाटलेले नसेल, तर गाडी रॅम्पवर चढवून, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावून, ते बोल्ट सैल करावेत. अलाइनमेंटचे कॅम (फिरवून चाकाचा कोन बदलणाऱ्या चकत्या) असलेले बोल्ट असतील तर आधी त्यांच्या वॉशरवर खूण करावी. पीळ साठला असेल तर बोल्ट सुटताच रबर मोकळे होते, कधी कधी त्याचा आवाजही येतो. मग गाडी थोडी हलवून बसू द्यावी आणि तिथेच बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळावेत. ती बाजू बहुधा वाचेल.

आपला,
एक पिकअपमालक वाचक