बंदूक बिघडलेली नव्हती, बाबा

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोन तुम्ही दोघं एकमेकांकडे देत राहता आणि मूळ विषय बाजूला पडतो. म्हणून पत्र. बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरीही लागलं नाही तर आईला वाचायला सांगा, खिडकीशी उन्हात धरून डोळ्यांना ताण देत बसू नका.

मुद्द्याचं आधी सांगते. पुढच्या गुरुवारी पुण्यात तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवलंय. तारीख घेतली, पैसे भरले, दादाशी बोलणंही झालं. मंगळवारी सकाळी जावई गाडी घेऊन कराडला येतील. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं मला वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर "दिसतंय की मला" एवढंच उत्तर आलं असतं, आणि दिवाळी गेली तशी संक्रांतही गेली असती.

मला कधी कळलं ते सांगते. भाऊबीजेच्या रात्री नातवानं हट्ट धरला म्हणून माळ्यावरची, जुन्या व्हिडिओ गेमची पत्र्याची ट्रंक काढली ना, तेव्हा. मला वाटलं होतं एवढ्या वर्षांत सगळं गंजलं असेल. पण १४ इंची पोर्टेबल टीव्ही लागला, कॅसेटला दोन फुंकरा मारल्या आणि पिवळी अक्षरं आली. (फुंकर मारून काही होत नाही म्हणे, उलट तोंडातल्या ओलीनं आतले पत्रे खराब होतात. कॅसेट काढून परत घातली की ती नीट बसते, एवढंच. आणि आपण किती श्रद्धेनं फुंकत होतो.) मग तुम्ही खुर्चीत बसलात, चष्मा पुसलात, नारिंगी बंदूक घेतलीत आणि बदकं मारायला लागलात. एका बदकाला तीन गोळ्या. पहिलं बदक गेलं, दुसरं गेलं. दहाच्या दहा उडून गेली आणि दर वेळी गवतातून तो कुत्रा वर येऊन हसत राहिला. नातूही हसला. तुम्ही बंदूक कॉटवर ठेवलीत आणि म्हणालात, "बिघडलीय. जुनी झाली ती."

तुम्ही झोपल्यावर साडेबाराला मी आवाज बंद करून टीव्ही परत लावला. पार दाराशी उभी राहिले. मला दहातली नऊ लागली, बाबा. बंदुकीला काहीच झालेलं नाही.

मी तशीच त्या टीव्हीसमोर बसून राहिले. ज्या माणसानं खंबाटकीच्या धुक्यातून पंचवीस वर्षं मुंबईची रातराणी नेली, चाळीस-पन्नास माणसं झोपलेली असताना एकट्यानं रस्त्यावर डोळा ठेवला, त्याला हातभर अंतरावरचं बदक दिसलं नव्हतं. आणि मी दर रविवारी फोनवर "तब्येत बरी ना" विचारून मोकळी होत होते.

तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, आठवतंय? व्हिडिओ गेम आणला त्याच आठवड्यात, १९९५च्या जूनमध्ये. मी पाचवीत होते, दादा आठवीत. मुंबईला मुक्काम पडला आणि तुम्ही मनीष मार्केटमधून तो खोका आणलात. किंमत आईला काय सांगितलीत आणि खरी काय होती, ते तुम्हालाच ठाऊक. पहाटे खाकीतच, बूट न काढता तुम्ही वायरी जोडायला बसला होतात. नंतर बंदूक टीव्हीवर रोखून म्हणालात, "गोळी तर सुटत नाही. मग त्याला कळतं कसं?" तेव्हा आम्हाला काय येणार! पण आता मला माहीत आहे. बंदूक टीव्हीकडे काही पाठवतच नाही, ती बघते. आपण खटका दाबला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीच्या आत उजेड ओळखणारा एक छोटा भाग बसवलेला असतो. त्याला तो पांढरा उजेड दिसला, तर बदक पडलं. हे इतक्या झटकन होतं, की आपल्याला नुसतं लुकलुकल्यासारखं वाटतं. पण त्यासाठी काचेच्या नळीचाच टीव्ही लागतो. भिंतीवरच्या नव्या टीव्हीत चित्र किंचित उशिरा येतं आणि त्याचा उजेडही वेगळ्या जातीचा असतो, त्यामुळे बंदूक फसते. म्हणून सांगते, भंगारवाल्यानं कितीही मागितला तरी तो पोर्टेबल देऊ नका. आई, तूही नाही. जागा अडते हे मला मान्य आहे.

आणि तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरनं तो डबा उघडलात ते तर मी कधीच विसरणार नाही. एवढा मोठा डबा आणि आत जवळजवळ सगळी हवाच. हिरव्या पाटीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका. तुम्ही म्हणालात, "एवढंच? ह्यात मारिओ मावतो?" मावतो, बाबा. मूळ यंत्र जपानमधलं, १९८३चं, निन्टेंडो कंपनीचं. मासायुकी उएमुरा नावाच्या इंजिनिअरनं ते तयार केलं, २०२१मध्ये गेले ते. आपल्याकडे आलेली नक्कल होती, सगळं त्या एका ठिपक्यात कोंबलेली. कॅसेटवर लिहिलं होतं लाखो गेम, आणि खरे निघाले जेमतेम वीस, तेच उलटून-पालटून. तरी आम्हाला फसवल्यासारखं कधी वाटलं नाही.

आई, तुझंही एक सांगायचंय. तू कधी रिमोट हातात घेतला नाहीस. "डोळे जातील, अभ्यास जाईल" म्हणत राहिलीस. पण एकदा मागे बसून ब्लाउजला हुक लावता लावता म्हणालीस, "अगं, ते झुडूप आणि तो वरचा ढग एकच आहे. एकाच बेतावरनं कापलंय, कापड तेवढं बदललंय." आम्ही ऐकलंही नाही तुझं. पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं, की ते अगदी खरं आहे. तो मारिओ १९८५चा, आणि अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता. तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर जो सुप्रभातचा फोटो पाठवतेस, तोसुद्धा त्याहून मोठा असतो. म्हणून त्यांनी एकच आकार दोनदा वापरला, खाली हिरवा आणि वर पांढरा. शिलाईच्या नजरेनं तू ते पहिल्या महिन्यात ओळखलंस. आणि तो हातातला विटांचा गेम, दोन पेन्सिल सेलवाला? आम्ही झोपलोय असं समजून तू रात्री खेळायचीस, बाबांची गाडी यायची असायची तेव्हा. अंथरुणात मला टुक-टुक ऐकू यायचं. ते बंद झालं, की समजायचं बाबा आले, आणि मग मलाही झोप लागायची.

रणगाड्याचा गेम तर आपला तिघांचा. दोघांनी खेळायचं आणि तिसऱ्यानं ओरडायचं. बाबा, तुम्ही त्या खालच्या गरुडाजवळून हलायचा नाहीत. दादा पुढे जाऊन मारामारी करायचा आणि तुम्ही विटांच्या भिंतीला लागून इकडून तिकडे, इकडून तिकडे. "घर सांभाळणारा एक पाहिजे," म्हणायचात. एकदा माझीच गोळी विटा फोडून गरुडाला लागली आणि गेम संपला. पस्तीस स्टेजपैकी आपण त्या दिवशी एकोणिसाव्यावर होतो, आजवरच्या सगळ्यात पुढे. दादा चिडला. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "होतं. चल, पहिल्यापासून." त्या हाताला डिझेलचा आणि लाइफबॉयचा वास होता. अजून कुठे एसटी उभी दिसली की तो वास येतो आणि मी दहा वर्षांची होते.

आता जे इतकी वर्षं सांगितलं नाही तेही लिहून टाकते. दादाच्या दहावीच्या वर्षी आईनं गेम कपाटात कुलूप लावून ठेवला होता. किल्ली गव्हाच्या डब्यात असायची, मला माहीत होतं. डिसेंबरातल्या एका रात्री मी तो काढला. आई शेजारी भजनाला, बाबा गाडीवर. अडॅप्टर तापला, मी बंद केला नाही, मारिओ सातव्या जगात होता आणि लाइफ एकच उरली होती. मग जळका वास आला. मी घाबरून उदबत्त्या लावल्या. आई आली तेव्हा दादा पुस्तक मिटून उठला आणि म्हणाला, "मी खेळत होतो." आई, तू त्याला किती बोललीस. बाबा, तुम्ही चार दिवस त्याच्याशी शब्द बोलला नाहीत. आणि मी गप्प राहिले. परीक्षा संपली त्याच संध्याकाळी तुम्ही नवा अडॅप्टर आणून त्याच्या हातात दिलात, काही न बोलता. तेव्हाही मी गप्पच. दादानं मला एकदाही त्यावरून ऐकवलेलं नाही. त्याला परवा फोनवर म्हटलं, मी आता सांगून टाकणार आहे. तो म्हणाला, "आईला वाटलं तर वाटू दे, माझं काही नाही." पण मला आहे.

आता पुण्याचं. आई, तू म्हणशील कराडात काय डॉक्टर नाहीत? आहेत, चांगले आहेत. पण ऑपरेशन पाऊण तासात उरकतं, खरं काम नंतरचं. महिनाभर थेंब, सुरुवातीला दिवसातून सहा-सहा वेळा. तुझा हात गेल्या वर्षापासून थरथरतो, तू मानत नाहीस पण चहाची बशी मला दिसते. मग दुसऱ्या दिवशी तपासणी, आठवड्यानं तपासणी, आणि डावा डोळा त्यानंतर. रिक्षानं किती वेळा जाणार? मी तीन दिवस घरूनच काम करते, उरलेले दोन दिवस जावई घरी आहेत. ऑफिसचं विचारू नका, सुट्टी मंजूर झाली आहे. माझी अडचण होईल हा विचारसुद्धा मनात आणू नका.

तुमची खोली पूर्वेची. मऊ गादीवर बाबांची पाठ धरते म्हणून कापसाची गादी पिंजून घेतलीय. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, रात्रीचा छोटा दिवाही आहे. शाळूचं पीठ दळून आणलंय, भाकरी मी करीन, आईनं फक्त बसून चूक काढायची. लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांचं कारण चालणार नाही. खाली बाग आहे, तिथे सकाळी पेन्शनर मंडळी जमतात, त्यातले एक जण एसटीतलेच आहेत. बाबा पहाटे चारला उठतात हे मला माहीत आहे. चहाचं साहित्य ओट्यावर काढलेलं असेल आणि लायटरशेजारी काडेपेटीही. तुळशीला पाणी घालायला पलीकडच्या काकूंना मी सांगितलंय. मांजरीचंही सांगितलंय.

आता ऐका. बाबा, आजपासून स्कूटरला हात लावायचा नाही. किल्ली आईकडे द्या आणि आई, ती तू गव्हाच्या डब्यात ठेवू नकोस. साखर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही शनिवारी तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा. जास्त आली तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात, तेव्हा शेजारच्यांकडे बारसं आहे म्हणून पेढा खायचा नाही, अर्धासुद्धा. चालू गोळ्यांची पाकिटं सगळी घ्या, नुसती चिठ्ठी नको. जुने चष्मे तिन्ही आणा. संध्याकाळनंतर जिना उतरायचा नाही, दूध आणायला तर मुळीच नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल पोरगी आता आपल्यालाच दटावते. तसं नाही हो बाबा. मला भीती वाटते, म्हणून आवाज चढतो. तुमचं काही कमी झालंय असंही मला म्हणायचं नाही. ड्यूटी करून करून दमलेला डोळा आहे, त्याचं भिंग बदलायचं, बास.

पोर्टेबल टीव्ही जावई स्वतः उचलून मागच्या सीटवर ठेवतील, तुम्ही हात लावू नका. आई, कॅसेटी तुझ्या जुन्या मऊ साडीत गुंडाळ. बंदूक तेवढी वेगळ्या पिशवीत घे, आणि तिची वायर गुंडाळताना मुडपू नकोस, बुडाशी ती आधीच थोडी तडकलीय. डॉक्टरांना मी विचारलंय, टीव्ही बघायला कधीपासून हरकत नाही ते. त्यांनी सांगितलं तो दिवस मी कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय. दादाही त्या दिवशी येतोय.

तुमची,
चिमी