महापौर ब्रँडन स्कॉट यांना खुले पत्र: खुनांचा आकडा उतरला म्हणून काम थांबवू नका

माननीय महापौर ब्रँडन स्कॉट यांस,
सप्रेम नमस्कार.

मी २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या या आपल्या बाल्टिमोर शहरात राहायला आले. पुढच्याच एप्रिलमध्ये फ्रेडी ग्रे या तरुणाचा पोलीस कोठडीत जबर जखमी होऊन मृत्यू झाला, शहर पेटलं आणि त्या वर्षी खुनांचा आकडा तीनशेच्या पार गेला. २०१५ ते २०२२ अशी सलग आठ वर्षं तो तीनशेच्या खाली आला नाही. ती सगळी वर्षं सांगलीहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "तिकडं बरं आहे ना गं?" मी "हो" म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. माझ्या गल्लीत बरंच होतं.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत लिहितेय ते माझ्या लोकांसाठी. इथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलामुलींचे आईवडील दर उन्हाळ्यात मला विचारतात, शहर सुरक्षित आहे का? त्यांना आणि आपल्याला माझं म्हणणं एकदमच कळावं.

२०१९ मध्ये इथे ३४८ माणसं मारली गेली. २०२३ मध्ये आकडा तीनशेच्या खाली आला, २०२४ मध्ये २०१ झाला, आणि २०२५ मध्ये दीडशेच्याही खाली उतरला. हे वाचून मी रडले, ते सांगायला मला संकोच वाटत नाही. सहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरात वर्षाला दोनशे माणसं कमी मरणं म्हणजे दोनशे घरांत कुणीतरी रात्री परत येणं.

पण या यशाची तुलना नीट व्हायला हवी. २०२० मध्ये देशभर खून जवळपास तीस टक्क्यांनी वाढले आणि २०२२ नंतर देशभरच ते उतरू लागले. फिलाडेल्फियात २०२१ साली ५६२ खून झाले होते, २०२४ मध्ये २६९. डेट्रॉइटमध्ये २०२४ मध्ये २०३, १९६५ नंतरचा सगळ्यात कमी आकडा. म्हणजे ओहोटी सगळीकडेच होती, आणि आपली घट तिच्यापासून वेगळी काढून दाखवली तर उद्या टीकाकार तेच तोंडावर फेकतील. दुसरीकडे, बाल्टिमोर २०२० मध्ये एकाएकी चढलेलं नव्हतं. ते पाच वर्षं आधीपासूनच वर अडकून बसलं होतं. अशा शहराला खाली आणणं फक्त ओहोटीला जमलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

लाख वस्तीमागे खुनांचं प्रमाण पाहिलं तर २०२४ मध्ये आपण ३५ च्या आसपास, डेट्रॉइट ३२, सेंट लुईस पन्नासच्या वर आणि बॉस्टन चारच्याही आत. यातही एक मेख आहे. बाल्टिमोर १८५१ पासून आपल्या काउंटीपासून, म्हणजे भोवतालच्या जिल्ह्यापासून, तुटलेलं आहे, सेंट लुईस १८७६ पासून. सुखवस्तू उपनगरं हद्दीबाहेर राहतात, म्हणून प्रमाण फुगतं. ज्या शहरांनी उपनगरं पोटात घेतली त्यांचं प्रमाण आपोआप सौम्य दिसतं. पण ही सबब म्हणून वापरू नये. शहराच्या आतही तीच रेघ आहे. वस्त्यांची काळे-गोरे अशी वाटणी करणारा देशातला पहिला कायदा १९१० साली याच नगरपालिकेने केला, आणि सँडटाऊन या वस्तीतल्या बंद, फळ्या ठोकलेल्या घरांच्या रांगांतून तो अजून दिसतो. माझ्या गल्लीचं प्रमाण बॉस्टनसारखं असेल. तीन मैलांवर राहणाऱ्या आईला तिच्या मुलाबद्दल मी माझ्या आईला फोनवर दिलं तसं उत्तर देता येत नव्हतं.

आता मूळ मुद्दा. २०२२ च्या जानेवारीत आपण वेस्टर्न डिस्ट्रिक्ट या पोलीस विभागात गटहिंसा कमी करण्याची योजना सुरू केली. गोळीबार करणारी आणि गोळीला बळी पडणारी माणसं मूठभरच आणि बरेचदा तीच असतात, हे धरून त्यांच्या दारात आपल्या नावाचं पत्र नेलं जातं: आम्हाला तुम्ही जिवंत हवे आहात, नोकरी, घर, समुपदेशन हवं असेल तर मदत तयार आहे, आणि गोळीबार चालू राहिला तर कायदा येईल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा त्या भागातले खून आणि गोळीबार सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचं आढळलं. याच्या जोडीला २००७ पासून चाललेलं सेफ स्ट्रीट्सचं काम, जिथे वस्तीतलीच माणसं भांडण पिस्तुलापर्यंत जाण्याआधी मध्ये उभी राहतात. २०२१ च्या जानेवारीपासून वर्षभरात त्यातले तीन कार्यकर्ते स्वतः गोळीबारात गेले. त्यांची किंमत कुठल्याही आलेखात येत नाही.

ही कल्पना बॉस्टनची, १९९६ ची. तिथे १९९० साली १५२ खून झाले होते, १९९९ मध्ये ३१. मग गाडी रुळावर आली असं समजून लोक दुसऱ्या कामांना लागले, आणि २०१० मध्ये आकडा सत्तरच्या वर गेला. ओकलंडची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. आपल्यापेक्षा थोडं लहान शहर, २०१२ मध्ये सव्वाशेच्या आसपास खून. हीच पद्धत नेटाने राबवली आणि २०१८ पर्यंत आकडा सत्तरच्या घरात आला. मग महासाथ आली, नेतृत्व बदललं, योजनेच्या बैठका बंद पडल्या, आणि २०२१ मध्ये पुन्हा १२० च्या वर. शहरानेच करवून घेतलेल्या तपासणीत ही योजना जवळजवळ सोडून दिली गेल्याचं पुढे आलं. ती पुन्हा उभी केली तेव्हा खून पुन्हा उतरू लागले. आणि आपल्या शहराने तरी काय केलं? ही पद्धत इथे १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि पुन्हा २०१४ मध्ये आणली गेली, आणि दोन्ही वेळा ती मध्येच सुटली.

हे आठवण करून द्यायचं कारण पैसा. महासाथीच्या मदतनिधीतून आपण या कामासाठी पाच कोटी डॉलर राखले होते. तो निधी २०२६ च्या अखेरीपर्यंतच खर्चता येतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय न्याय खात्याने देशभरातली अशा कामांची शेकडो अनुदाने मुदतीआधीच बंद केली. म्हणजे बाहेरचा झरा आटतोय, आणि आत कुणीतरी म्हणणारच: खून कमी झाले, मग एवढा खर्च कशाला?

माझ्या तीन मागण्या आहेत. या कामाचा पैसा १ जुलैपासूनच्या शहराच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात कायमचा घाला, कुणाच्या अनुदानावर लोंबकळत ठेवू नका. दर तिमाहीला वस्तीवार आकडे लाखामागच्या प्रमाणासह छापा, शेजारी ओकलंड, डेट्रॉइट, सेंट लुईस आणि बॉस्टन ठेवा, आणि देशातली घट वजा करून आपली किती ते स्पष्ट लिहा, आकडा गैरसोयीचा असला तरी. आणि योजना जिथे अजून पोहोचली नाही त्या वस्त्यांना तारीख द्या.

आपण याच शहरातल्या पार्क हाइट्स वस्तीत वाढलात. आपल्याला हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. अर्थसंकल्पाच्या जाहीर सुनावणीला मी येणार आहे, आणि या तीन मागण्यांवर उत्तर मागणार आहे.

आपली,
एक बाल्टिमोरकर मराठी रहिवासी