कावीळ उतरवण्याआधी

संपादक महोदय,

मांडवीवरच्या अटल सेतूच्या उद्घाटनाला, २७ जानेवारी २०१९ रोजी, नाकात नळी घेऊन आलेले मनोहर पर्रीकर आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असतील. तीन दिवसांनी त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला ते गेले. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता, आणि त्या काळात ‘स्वादुपिंड’ हा शब्द गोव्यात घरोघरी पोचला. पोचला तो शब्दच. त्या अवयवाला काही झाले तर शरीर काय सांगते, हे आमच्या घरात तरी कोणाला ठाऊक नव्हते. आणि घरात तीन पदवीधर आहेत.

माझे थोरले दीर ६३ वर्षांचे. दारूला शिवले नाहीत, विडी मात्र चाळीस वर्षे ओढली (या कर्करोगामागे तंबाखूही असू शकतो, हे मला नंतर कळले). घराण्यात कोणाला मधुमेह नसताना त्यांना अचानक साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, भात कमी झाला, वजन उतरू लागले. चवथीला सगळे जमलो तेव्हा आम्ही कौतुकच केले, ‘पथ्य मानवलं हां तुम्हाला!’ पोटात वरच्या बाजूला दुखे, ते पाठीत जाई; आडवे झाले की वाढे, पुढे वाकून बसले की बरे वाटे. त्यावर औषधाच्या दुकानातून पित्ताची गोळी आणली.

मग डोळे पिवळे झाले. आमच्याकडे कावीळ म्हणजे पाणी बाधले, आणि त्यावर गावठी औषध, हे ठरलेले. तीन आठवडे पाला, पेज आणि उसाचा रस. पाल्याला मी नावे ठेवत नाही. पाण्यातून होणाऱ्या काविळीत माणूस बहुतेकदा आपोआपच बरा होतो आणि श्रेय पाल्याला जाते. पण यांना ताप नव्हता. अंगाला खाज, लघवी काळ्या चहासारखी, परसाकडला फिकट आणि तेलकट. स्वादुपिंडाच्या डोक्याशी आलेल्या गाठीने पित्ताची नळी दाबली होती. तोवर रोग यकृतात गेला होता. शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस रुग्णांचे ऑपरेशन होऊ शकते, त्यांत ते नव्हते. तीन आठवडे आधी गेलो असतो तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून दडलेला असतो. पोट चाचपून गाठ सहसा लागत नाही. आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीतही कधी कधी नीट दिसत नाही, म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ एवढ्यावर थांबू नये. सीटी स्कॅनबद्दल विचारावे. सरसकट सगळ्यांनी तपासण्या करत सुटावे असे मात्र नाही. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी साधारण शंभरात एकालाच पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग निघतो. पण साखर नवी आणि वजनही आपसूक घटतेय, असे दोन्ही असेल तर डॉक्टरांना ते वेगळे सांगायला हवे. आम्ही सांगितले नाही, कारण आम्हाला ती चांगली बातमी वाटली होती.

ऑक्टोबरात स्तनांच्या कर्करोगासाठी गुलाबी रिबिनी दिसतात, चांगलेच आहे. नोव्हेंबर हा स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा महिना, त्याचा रंग जांभळा. त्याची कुणाला दखल नसते. इमारतींवर जांभळे दिवे लावा असे माझे म्हणणे नाही, दिव्यांनी कोणाची कावीळ ओळखली जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जिथे लोक नंबरासाठी तासभर बसतात, तिथे मराठी-कोकणीत एक फलक लावा. आणि गावोगावी काविळीचे औषध देणाऱ्यांनाही यात घ्या. पन्नाशीपुढचा माणूस, ताप नाही, खाज आहे, तर पाला देण्याआधी त्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवा, एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ.

दिरांना पाला देणारे गृहस्थ बाराव्याला घरी आले होते. काय विचारायला हवे होते, असे त्यांनीच मला विचारले. मी वहीचा कागद फाडून लिहून दिले. आरोग्य खात्याने तेच छापून वाटावे.

– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली