कुर्डीच्या कपेलाबद्दल जलसंपदामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जलसंपदा मंत्री,
गोवा राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल सरत आला की साळावली धरणाचं पाणी ओसरू लागतं आणि मे महिन्यात आमचं कुर्डी गाव उघडं पडतं. घरांची जोती, माडांची खुंटं, शेताचे बांध, तुळशीवृंदावनांचे चौथरे, भेगाळलेल्या चिखलात रुतलेली कौलांची खापरं, हे सगळं काही आठवडे दिसतं. मृग आला की परत पाणी चढतं. पाण्याबाहेरच्या या गावाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. हल्ली पुष्कळ लोक ते काढायला येतात. मी लिहिते आहे ती त्याच दिवसांत भरणाऱ्या आमच्या कपेलाच्या फेस्ताविषयी, म्हणजे आमच्या छोट्या चर्चच्या वार्षिक सणाविषयी, आणि ते फेस्त आम्हाला काय देतं ते शासनाच्या कानावर घालावं म्हणून.

मी कुर्डीतून उठलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबातली. सांगे तालुक्यातल्या माझ्या पिढीच्या अनेक ख्रिस्ती मुलांसारखी मीही सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकले, आणि मनातलं लिहायचं झालं की हात मराठीकडेच वळतो. म्हणून हे पत्र मराठीत.

इतिहास तुमच्या खात्याच्या दप्तरात आहेच, तरी थोडक्यात सांगते. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः कुर्डीला आले आणि धरणाची गोष्ट गावकऱ्यांपुढे मांडली. सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल, पण गाव द्यावा लागेल, असं ते बोलणं होतं. आमच्या वाडवडिलांनी तो शब्द मानला. सहाशेहून जास्त कुटुंबं, साधारण तीन हजार माणसं. हिंदू होते, आम्ही ख्रिस्ती होतो, मुसलमान होते. सोमेश्वराचं देऊळ होतं, आमचं कपेल होतं, मुसलमानांचं प्रार्थनास्थळ होतं. गानतपस्विनी मोगूबाई ज्या गावाचं नाव आयुष्यभर आडनावात घेऊन गायल्या, ते हे गाव. भात, माड, फणस, आंबा, काजू, कशाला तोटा नव्हता. ऐंशीच्या दशकात हे सगळं पाण्याखाली गेलं आणि माणसं वाडे आणि वालकिणी इथल्या पुनर्वसन वसाहतींत आली.

त्या वेळी एक काम फार चांगलं झालं. कुर्डीचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ बुडू नये म्हणून पुरातत्त्वज्ञांनी त्याचा एकेक दगड सोडवला आणि सतरा किलोमीटरवर, धरणाजवळ, देऊळ जसंच्या तसं उभं केलं. जांभ्या दगडात कोरलेली आमच्या गावची मातृदेवता वेर्ण्याला नेऊन ठेवली. त्या देवळासमोर मी अनेकदा उभी राहिले आहे. ज्यांनी ते काम केलं त्यांच्याविषयी मनात कृतज्ञताच येते. कुठला दगड कुठल्या दगडाशेजारी होता हे त्यांनी टिपून ठेवलं, म्हणून देऊळ पुन्हा देऊळ झालं. माणसांच्या बाबतीत मात्र कोण कुणाच्या शेजारी होतं हे कुणी टिपून ठेवलं नाही. महोदय, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

नुकसानभरपाईसाठी जमीन मोजली, घरं मोजली, झाडं मोजली. ते हवंच होतं. पण रविवारी सकाळी मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाताना वाटेत कोण कुणाला हाक मारतं, कुणाच्या घरची व्हायोलिन आल्याशिवाय लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, सुरू होत नाही, आजारी म्हातारीला हात धरून कपेलात कोण आणतं, हे कुठल्याच पंचनाम्यात बसत नाही. नवीन वसाहतीत प्लॉट मिळाले, पण एका वाड्यावरची घरं वेगवेगळ्या रांगांत गेली. पहिली काही वर्षं आमची माणसं प्रार्थनेला जमायची तेव्हा तोंडओळख असलेल्या पाहुण्यांसारखी बसायची, असं माझी माय सांगते.

ते बदललं सायबिणीमुळे. सायबीण म्हणजे मरियेची मूर्ती. गोव्यातल्या ख्रिस्ती वाड्यांवर ही मूर्ती ठरावीक दिवसांत घरोघर फिरते. एका घरी तिचा मुक्काम असतो. संध्याकाळी शेजारपाजार जमतो, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, लदीन होते, उकडलेले चणे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत, सगळे तिला शेजारच्या घरी पोचवतात. वसाहतीत ती पहिल्यांदा फिरायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, कुठल्या घरानंतर कुठलं घर? प्लॉटच्या नंबराने जायचं तर अर्ध्या तासात एक रांग संपते, सोपं काम. बायका ऐकेनात. कुर्डीत ज्या घरानंतर जे घर होतं, त्याच क्रमाने सायबीण जाईल, असं त्यांनी ठरवलं. त्यामुळे कधी ती वसाहतीच्या या टोकाहून त्या टोकाला जायची, दुसऱ्या दिवशी परत इकडे यायची. पायात चपला नाहीत, हातातली मेणबत्ती वाऱ्याने विझतेय, पोरं पेंगुळलेली, आणि पुढे माझी माय सायबीण छातीशी धरून चाललेली. वाटेतल्या हिंदू घरांतून लोक बाहेर यायचे, दिवा घेऊन उभे राहायचे. त्यांनाही तो क्रम ठाऊक होता. तेही त्याच गावचे.

त्या वाटेवर आमचं मोडलेलं गाव पुन्हा जुळलं. मी तेव्हा लहान होते, पण देवावरचा माझा विश्वास तिथे पक्का झाला. देव जागेला बांधलेला नाही हे आम्हाला धर्मशिकवणीच्या वर्गात सांगायचे. बायबलमधली, घर सोडून निघालेल्या अब्राहामाची गोष्ट, लोकांबरोबर फिरणाऱ्या तंबूतल्या कराराच्या कोशाची गोष्ट, सगळं पाठ होतं. पण घर सोडलेल्या माणसाला ते पटायला कुणीतरी पायी चालून दाखवावं लागतं. आमच्या बायांनी ते दाखवलं.

आणि मग फेस्त. पाणी उतरल्यावर मे महिन्यात कुर्डीच्या ख्रिस्ती कुटुंबांचं फेस्त भरतं. त्याच महिन्यात हिंदू बांधव सोमेश्वराचा उत्सव करतात. माटव घालायचा, जमीन झाडून घ्यायची, पाण्याच्या कॅन, खुर्च्या, अल्ताराची म्हणजे वेदीची चादर, फुलं, सगळं गाड्यांतून न्यायचं. मडगाव, वास्को, मुंबई, काही आखातातून, अशी माणसं येतात. मिस संपली की कुणी जेवायला लगेच बसत नाही. प्रत्येक जण आपल्या जोत्याकडे जातो. वडील दर वर्षी पायरीवर बसतात. पायऱ्या तीनच उरल्या आहेत, जांभ्याची, कडा झिजलेल्या. त्यांच्या शेजारी नातवंडं बसतात आणि विचारतात, स्वयंपाकघर कुठे होतं, गाय कुठे बांधायचा. वडील हाताने दाखवतात. रडत नाहीत. उलट त्या दिवशी ते वर्षभरात बोलत नाहीत इतकं बोलतात.

महोदय, लोकांना वाटतं की आम्ही तिथे गावाचं दुःख करायला जातो. आम्ही आभार मानायला जातो. गेलेल्या घराचे आभार, आणि ते सोडूनही एकत्र राहिलो याचे आभार. जागा सोडावी लागलेल्या कुठल्याही मंडळीला धीर कुठून येतो असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, एकत्र राहिल्याने येतो, आणि वर्षातून एकदा तरी मागे वळून जाता आल्याने येतो. एकत्र राहणं आमच्या हातात होतं, ते आम्ही सांभाळलं. परत जाता येणं तुमच्या हातात आहे.

बाहेरच्या जगातही हा प्रश्न आहेच. 2025च्या ऑगस्टमध्ये स्वीडनमधल्या किरुना गावचं 1912 सालचं लाकडी चर्च अख्खं उचलून पाच किलोमीटर पलीकडे नेलं. 672 टनांची इमारत, दोन दिवस लागले. खाली लोखंडाची खाण आहे, जमीन खचते आहे, म्हणून गावच हलतं आहे. खर्च तिथल्या सरकारी खाण कंपनीने उचलला. एवढा पैसा आपल्याकडे नाही हे मला कळतं आणि तो मी मागतही नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. गाव हलवायचं ठरलं तेव्हा चर्चचं काय करायचं हे आराखड्यात होतं, नंतर सुचलेलं नव्हतं. आणि आपल्या गोव्याला तरी हे कुठे नवीन आहे? रोगराईने जुनं गोवें ओस पडलं, राजधानी पणजीला आली, आणि माणसांमागोमाग देवही आले. पणजीच्या चर्चची ती मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन साधूंच्या पडलेल्या चर्चची आहे. पणजीतल्या फोंतेन्यशच्या सां सेबास्तियांव कपेलातला क्रूस एकेकाळी इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. पलीकडे महाराष्ट्रात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ दिसतं आणि तिथलेही लोक धावत जातात. आमचं दुःख आमच्या एकट्याचं नाही, आमच्या एका धर्माचंही नाही.

कुर्डी उठली तेव्हा 1894चा जुना भूसंपादन कायदा होता. त्यात पैसे होते, पुनर्वसनाचा हक्क नव्हता. 2013च्या कायद्याने तो दिला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसनाच्या जागी रस्ते, पाणी, शाळा यांच्याबरोबर प्रार्थनास्थळं, लोकांनी जमायचे पार आणि दफनभूमी-स्मशानभूमीही धरली आहे. कायदा करणाऱ्यांनी हे लिहिलं याचं मला फार समाधान वाटतं. पण प्लॉट वाटताना शेजार कसा राखायचा ते अंमलबजावणी करणाऱ्याच्या मनावरच राहतं. आज सांगे-सत्तरीतली माणसं व्याघ्र प्रकल्पाच्या नुसत्या चर्चेने धास्तावलेली आहेत. उद्या कुठे धरणासाठी, कुठे रस्त्यासाठी घरं उठतील. त्या वेळी तुमच्या सरकारने मोजणीदारांच्या आधी गावात बसून वाड्यावाड्याची यादी करावी. कुणाच्या शेजारी कोण, कुठल्या कपेलाची, कुठल्या देवळाची, कुठल्या मशिदीची माणसं कोण. आणि त्या यादीप्रमाणे प्लॉट द्यावेत. याला जास्तीचा पैसा लागत नाही. प्रार्थनेची जागा आणि दफनभूमी घरांच्या आधी आखावी, कारण नवीन गावातलं पहिलं मरण घरं पुरी होण्याची वाट पाहत नाही.

कुर्डीपुरतं माझं मागणं लहान आहे. मे महिन्यात पाण्याची पातळी कधी किती खाली येईल याचा अंदाज तुमचं खातं बांधतंच. तो एप्रिलच्या मध्यावर वाडे आणि वालकिणीच्या वसाहतींत लावून कळवावा, म्हणजे फेस्त आणि सोमेश्वराचा उत्सव या दोहोंची तारीख नीट ठरवता येते आणि मुंबईहून येणाऱ्याला तिकीट काढता येतं. धरणाच्या बाजूची वाट त्या आठवड्यांत गाडी जाईल इतपत सारखी करावी. चालता न येणारी म्हातारी माणसं दर वर्षी घरी राहतात आणि पुढच्या वर्षी त्यातली काही नसतात. उत्सवाच्या दिवशी पिण्याच्या पाण्याचा एक टँकर आणि एक रुग्णवाहिका असावी. आणि जोत्यांवर चढून, देवाच्या जागी उभं राहून होणारी लग्नाआधीची फोटोसेशनं थांबवावीत. पाहायला येणाऱ्यांना आमची ना नाही. त्यांनी यावं, चणे खावेत, आमच्याबरोबर गुडघे टेकावेत किंवा हात जोडावेत. पण ज्या चौथऱ्यावर कुणाची आजी रोझरी म्हणायची तिथे पाय पसरून बसू नये, एवढं सांगणारी एक पाटी आणि एक माणूस पुरे.

आणखी एक. ज्या धरणावर दक्षिण गोव्याचा बहुतेक भाग पाणी पितो, त्या धरणासाठी गाव दिलेल्या माणसांच्या विहिरी वसाहतींत उन्हाळ्यात आटत राहिल्या आणि टँकरची वाट पाहावी लागली, हे वर्तमानपत्रांतून आलेलं आहे. फेस्ताला जाताना आम्ही कोरड्या घागरी ओलांडून भरल्या तलावाकाठी जाऊ नये. प्रत्येक घरच्या नळाला मे महिन्यातही पाणी येईल याची जातीने खात्री करून घ्यावी.

येत्या मे महिन्यात फेस्ताच्या दिवशी तुम्ही कुर्डीला यावं अशी आमच्या सगळ्यांची इच्छा आहे. भाषण नको, व्यासपीठही नको. मिसेला किंवा सोमेश्वराच्या आरतीला, जे जमेल त्याला या आणि नंतर आमच्याबरोबर जेवा. तारीख ठरली की पंचायतीमार्फत कळवतोच. त्याआधी एप्रिलमध्ये पाण्याचा अंदाज आम्हाला मिळेल का, एवढं मात्र लवकर कळवावं.

आपली नम्र,
कुर्डीच्या एका विस्थापित कुटुंबातली लेक
वाडे, सांगे तालुका