योगायोग कसला, साधा गुणाकार आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या तालुका पानावर दोन पोरांचा फोटो होता. दोघे एकाच वर्गात, वाढदिवस एकाच तारखेला, वर मथळा ‘अजब योगायोग’. पोरांचे कौतुक झाले, बरे वाटले. पण वर्गाचा पट 40 आहे हे त्याच बातमीत लिहिलेले होते. 40 च्या पटात कोणाचाच वाढदिवस कोणाशी जुळला नसता तर बातमी झाली असती. तसे होण्याची शक्यता शंभरात जेमतेम 11.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत 31 वर्षे काढली, त्यातली बरीच गणित शिकवण्यात. सातवीला दरवर्षी हा खेळ घ्यायचो. आधी विचारायचो, दोघांचा वाढदिवस जुळण्याची निम्मी तरी आशा धरायला किती पोरे हवीत? उत्तर ठरलेले: 365 चे अर्धे, 183. मग एकेकाला उभे करून तारीख विचारायची, फळ्यावर लिहायची. विशी ओलांडली की वर्ग कान टवकारून बसायचा आणि बहुतेक वर्षी तिशीच्या आत मागच्या बाकावरून आरोळी यायची, “जुयला, जुयला!”

एका वर्षी एक पोरगा रुसून बसला. “सर, माह्यासंगं त कोनाचाच नाई जुयला.” सगळी गोम इथेच आहे. आपण मनात आपली स्वतःची तारीख धरून बसतो. आपल्याच तारखेचा कोणी भेटावा, निम्मी तरी आशा असावी, असे म्हटले तर दुसरी 253 माणसे गोळा करावी लागतात. प्रश्न ‘कोणाही दोघांचा’ असेल तर माणसे मोजायची नसतात, जोड्या मोजायच्या असतात. 23 जणांत प्रत्येकाने बाकीच्या 22 जणांना रामराम घातला तर 23 गुणिले 22 भागिले 2, म्हणजे 253 जोड्या होतात. हिशेब उलटीकडून सोपा पडतो. दुसऱ्याची तारीख पहिल्यापेक्षा वेगळी असण्याची शक्यता 365 पैकी 364, तिसऱ्याची दोघांपेक्षा वेगळी असण्याची 363, असे तेविसाव्यापर्यंत गुणत जा. एकही जोडी न जुळण्याची शक्यता 49.3 टक्के उरते, म्हणजे जुळण्याची 50.7. गावातल्या टेनिस बॉलच्या सामन्यात दोन्हीकडचे 22 आणि एक पंच, एवढ्यात काम होते. 50 माणसांच्या पंगतीत ही शक्यता 97 टक्क्यांवर जाते.

हे गणित सगळ्या तारखांना सारखीच पोरे जन्मतात असे धरून आहे. तारखा एकीकडे गोळा झाल्या की जुळण्याची शक्यता आणखी वाढते. आणि आपल्याकडे त्या गोळा करायचे काम आम्हा मास्तरांनी केले. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, पण त्यानंतरही कितीतरी वर्षे बाप पोराला दाखल करायला आणायचा तो “पऱ्हाटी फुटली होती तवाचा हाय” एवढ्या माहितीवर. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढायला तहसीलला कोण जाणार? पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की सहा पूर्ण, आणि दाखल-खारीज रजिस्टरात 1 जुलै. मागच्या हिवाळ्यात कापूस घेऊन जिनिंगसमोर रांगेत होतो तेव्हा वेळ जाईना म्हणून आजूबाजूच्या 14 जणांना जन्मतारीख विचारली. पाच जण 1 जुलैचे निघाले. याला योगायोग म्हणायचे का?

हसण्यावारी नेले असते, पण आमच्या गावात यातून एकाचे नुकसान झाले. दोघांचे नाव एक, आडनाव एक, जन्मतारीख आणि सालही एक, फक्त बापाचे नाव वेगळे. एका योजनेच्या यादीत कॉम्प्युटरने दुसऱ्याला दुबार ठरवले आणि त्याचा हप्ता थांबला. तीन चकरा झाल्या. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेलो तर बाबू म्हणाला, नाव तेच, तारीख तीच, म्हणजे माणूस तोच. मी म्हटले, बापाचे नाव आणि शेताचा गट नंबर तर पाहा. ती माहिती त्याच्या स्क्रीनवर उघडत नव्हती म्हणे. मोजकी आडनावे आणि ठरावीक जन्मतारखा असलेल्या गावांत नाव-तारखेवर माणूस ओळखायचा नियम कोणी केला, याची चौकशी आपल्या वार्ताहराने करावी. असे अडकलेले लोक शेजारच्या गावांतही भेटतील.

त्या दिवशी परत येताना एस.टी.त तो मला म्हणाला, “गुरुजी, तारीख तं तुमीच देल्ली होती.” खरे आहे. दोन शिक्षकी शाळेवर असताना दोघांची नावे एकाच सकाळी, एकाखाली एक, मीच लिहिली होती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
आर्णी तालुका, जि. यवतमाळ