भाषा शिकवणाऱ्यांच्या अभ्यासात कोरकूलाही जागा हवी

संपादक महोदय,

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे प्रवेश अर्जांची धांदल सुरू होते. यंदा माझी एक जुनी विद्यार्थिनी, मेळघाटच्या धारणी तालुक्यातल्या एका ढाण्यावरची, म्हणजे पाड्यावरची, कोरकू आदिवासी मुलगी, अर्ज घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मले भाषा शिकवाची हाय, तं कोनते विषय घेऊ?" बी.ए.च्या अर्जात मराठी वाङ्मय होते, इंग्रजी वाङ्मय होते. तिची स्वतःची भाषा कोठेच नव्हती. महाविद्यालयाच्या खिडकीवर तर मातृभाषेच्या रकान्यात तिला न विचारताच 'मराठी' लिहिले गेले होते, आणि ते खोडून 'कोरकू' लिहिले तर प्रवेशाला काही अडचण येईल का, हेही तिला माझ्याकडून जाणून घ्यायचे होते.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे. डी.एड. आणि मराठीत एम.ए. करून मी मेळघाटात रुजू झाले, तेव्हा भाषा शिकवण्याची आपली तयारी पूर्ण आहे, अशी माझी समजूत होती. पहिलीतली मुले 'ती मुलगा आली' असे म्हणत आणि मी ते वाक्य रोज सुधारत असे. दोन वर्षे मी हेच केले आणि मनातल्या मनात मुलांनाच दोष दिला. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंकडून मी कोरकू शिकू लागले आणि पुढे त्या भाषेविषयी थोडे वाचले, तेव्हा कळले की मराठीत नामाला तीन लिंगे असतात, तर कोरकूत नामांची मुख्य विभागणी सजीव आणि निर्जीव अशी आहे. मुलगा, मुलगी, बैल, गाय ही सगळी त्या मुलाच्या व्याकरणात एकाच बाजूला बसतात. म्हणजे तो चुकत नव्हता. तो आपल्या भाषेचा नियम माझ्या भाषेला लावत होता. उलट आपल्याला संस्कृतात भेटणारे द्विवचन त्याच्या रोजच्या बोलण्यात आहे. कोरो म्हणजे माणूस, कोरोकिंग म्हणजे दोन माणसे, आणि 'कोरकू' हे जमातीचे नाव म्हणजे त्याच शब्दाचे अनेकवचन. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक हिंदीभाषक प्रौढाला समजावताना दमछाक होते. कोरकूत तसाच भेद असल्यामुळे पहिलीच्या मुलाला तो एका खेळात कळला. कोठे अडेल आणि कोठे सहज जाईल, हे शिक्षकाला आधी ठाऊक असेल, तर वर्षभराचा त्रास महिन्यावर येतो.

हे मला पदवीच्या वर्गात कोणीही सांगितले नव्हते. एम.ए.ला मी वाङ्मयाचा इतिहास शिकले, त्याचा मला आजही आनंद आहे; पण साहित्य जाणणे आणि भाषा शिकवता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. डी.एड.ला 'मराठी अध्यापन पद्धती' होती, मात्र तिच्यातले मूल घरी मराठीच बोलत असे. ज्याच्या कानावर मराठी पडलेलीच नाही, त्याला ती दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते: आधी भरपूर ऐकणे, मग बोलणे, आणि अक्षर त्यानंतर. 'डा' म्हणजे पाणी हे ज्या शिक्षकाला माहीत नाही, तो तहानलेल्या मुलाला फळ्यावरचा 'प' गिरवायला लावतो. शहरात जर्मन शिकणाऱ्या तरुणाला ए१ पासून सी२ पर्यंत पायऱ्या ठरवून दिलेल्या असतात, ऐकण्या-बोलण्याची स्वतंत्र परीक्षा असते आणि त्याच्या शिक्षकाला परकी भाषा शिकवण्याचे प्रशिक्षण मिळालेले असते. आमच्या भागातल्या मुलामुलींनी जर्मन, जपानी अवश्य शिकावे. पण तेच भाषाशास्त्र चिखलदऱ्याच्या सहा वर्षांच्या मुलालाही लागू पडते, हे विद्यापीठांनी ध्यानात घ्यायला हवे.

२०११ च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या सात लाखांहून अधिक आणि गोंडी भाषकांची सुमारे तीस लाख नोंदली आहे. दोन्ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाहीत. परंतु प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना असावी, असे संविधानाचा ३५०क हा अनुच्छेद १९५६ पासून सांगतो आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाचाही रोख तोच आहे. ती सोय करायची तर त्या भाषा शिकलेला शिक्षक लागतो, आणि तो घडवणे हे विद्यापीठाचे काम आहे. के. एस. नागराज या भारतीय भाषाशास्त्रज्ञांनी लिहिलेले कोरकूचे व्याकरण १९९९ मध्ये टोकियोतून प्रसिद्ध झाले. अमरावतीत विद्यापीठ १९८३ पासून आहे आणि मेळघाट त्याच जिल्ह्यात आहे, हे आठवले की मला फार वाईट वाटते.

म्हणून अमरावती आणि गडचिरोली येथील विद्यापीठांना, तसेच रिद्धपूरच्या नव्या मराठी भाषा विद्यापीठाला माझी विनंती आहे की, बी.ए.च्या विद्यार्थ्याला कोरकू, गोंडी किंवा कोलामी यांपैकी एक भाषा श्रेयांकांसह (क्रेडिटसह) घेता यावी आणि तिच्या जोडीला भाषा अध्यापनाचा विषय पदवीच्या पहिल्या वर्षापासून असावा. सेवेतल्या शिक्षकांसाठी नमुना तयारच आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची प्रादेशिक केंद्रे शिक्षकांना सुमारे दहा महिने दुसरी भारतीय भाषा शिकवतात. मेळघाटात नेमणूक होणाऱ्यांसाठी तसा वर्ग परतवाड्यात भरवणे अवघड नाही. तेथे शिकवायला कोरकू बोलणारी माणसेच बोलवावीत आणि त्यांना रीतसर मानधन द्यावे. मला शिकवणाऱ्या बाईंना कोणी एक रुपया दिला नाही.

माझ्या विद्यार्थिनीने अखेर मराठी वाङ्मय घेतले. रकान्यात तिने 'कोरकू' लिहिले आणि अर्ज स्वीकारला गेला. तिच्याजवळ एक दोनशे पानी वही आहे, तीत आजीकडून ऐकलेले शब्द तिने देवनागरीत उतरवले आहेत. काही ध्वनी कसे लिहावेत हे तिला उमगत नाही, तेथे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्हे केली आहेत. ती मला सोडवता आली नाहीत. तिची तीन वर्षे संपायच्या आत तिच्या विद्यापीठात ती सोडवणारे कोणीतरी नेमले जावे, यासाठी हे पत्र लिहिले आहे.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. अचलपूर, जि. अमरावती