रिव्हिजन जुळवणाऱ्या मुलास

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

"आई, मी इंजिनिअर आहे की कारकून?" हा तुझा कालचा प्रश्न अजून डोक्यात आहे. जहाजबांधणीच्या यार्डात तीन आठवडे झाले, जहाजावर पाऊल नाही, नुसत्या ड्रॉइंगच्या रिव्हिजन, म्हणजे सुधारित आवृत्त्या, जुळवतोयस. मला हसू आलं. पहिल्या वर्षी मीही अशीच धुसफुसत होते.

'वासा'ची गोष्ट ऐकली असशील. स्वीडनची युद्धनौका, १६२८ साली पहिल्याच सफरीवर निघाली आणि जेमतेम १३०० मीटरवर वाऱ्याने कलंडून बुडाली. वरचा भार जास्त, हे कारण सगळे सांगतात. मला मात्र तिच्यात सापडलेल्या सुतारांच्या मोजपट्ट्या आठवतात. काहींचा फूट १२ इंचांचा, काहींचा ११ इंचांचा. एकाच जहाजावर! निघण्याआधी ३० माणसं डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवून पाहिली होती. जहाज इतकं झुललं की चाचणीच थांबवली. जहाज मात्र थांबवलं नाही. राजाला घाई होती. (घाई असलेला राजा तुलाही भेटेल, प्रत्येक प्रोजेक्टवर.)

आता माणसं पळवत नाहीत. डेकवर वजनं सरकवतात आणि लांब ओळंबा किती हलला ते मोजतात. ओळंब्याचं टोक तेलात बुडवलेलं असतं, म्हणजे तो उगाच डोलत नाही. संधी मिळाली तर ही चाचणी चुकवू नकोस. एवढं मोठं धूड, आणि सगळे श्वास रोखून एका दोरीकडे बघत असतात.

माझी एक चूक तुला कधी सांगितली नव्हती. जहाज कुठलं ते आजही सांगणार नाही, ती सवय आता हाडात मुरली आहे. वॉटरटाइट बल्कहेडमधून, म्हणजे जहाजातल्या पाणी अडवणाऱ्या भिंतीतून, केबल जातात तिथे चौकटीत रबराचे ठोकळे घट्ट बसवतात. ते मी तपासले होते. मग दोन दिवसांनी रडारवाले आले, चौकट सैल करून एक जादा केबल ओढून गेले. ती केबल ड्रॉइंगच्या 'ड' रिव्हिजनमध्ये होती, माझ्या टेबलावर 'क'. फोरमन म्हणाला, "मॅडम, परत पॅक केलंय." मी खुर्चीतूनच सही केली.

एअर टेस्टला कप्प्यात भरलेल्या हवेचा दाब टिकेना. जहाज तपासणाऱ्या सर्व्हेअरने ब्रशने साबणाचं पाणी फिरवलं, आणि त्याच एका केबलभोवती बारीक बारीक बुडबुडे फुगायला लागले. तो काही बोलला नाही. फक्त टॉर्च माझ्या हातात दिला. तोवर समोर पॅनेल बसली होती. ती काढून, पुन्हा पॅक करून, पुन्हा टेस्ट होईपर्यंत चार दिवस गेले. ते चार दिवस जेटीवर कुणाच्या नजरेला नजर देणं जड गेलं. समुद्रात ते भोक कळलं असतं तर काय, हा विचार रात्री यायचा तो वेगळाच.

त्यामुळे तुझ्या कारकुनीबद्दल मला फारशी दया येत नाही. 'ड' कुठली आणि 'क' कुठली, हे सध्या त्या यार्डात बहुतेक तुलाच माहीत असेल.

जहाजावर जायला लागलास की टॉर्च स्वतःचा ठेव, तोही डोक्याला बांधायचा. शिडीवर दोन्ही हात लागतात. आणि समुद्रातल्या ट्रायलला निघण्याआधी उलटीची गोळी घे, बंदर सुटल्यावर नाही.

तुझी,
आई